उंदराचा जन्मदाखला

आत्याची पंचाहत्तरी होती आणि औक्षणाला कणकेचे दिवे किती करायचे, एवढाच प्रश्न होता. ज्यांना पाढे येतात त्यांना हा प्रश्नच वाटणार नाही. आमच्या घरात तो आदल्या रात्री नऊ वाजता निघाला आणि साडेअकरापर्यंत कणीक परातीत झाकलेली ती झाकलेलीच.

"सत्त्याहत्तर करा," काका पलंगावरून म्हणाले. "गांधीजी गेले तेव्हा ही आईच्या पोटात होती. मला पक्कं आठवतं."

"दादा, तू तेव्हा पाळण्यात होतास," आत्या म्हणाली. "पाळण्यातून पोटातलं दिसत होतं होय तुला?"

"दोन दिवे जास्त झाले तर काय बिघडतं?"

"बिघडतं कसं नाही? वय बिघडतं!"

शेवटी ट्रंकेतून शाळा सोडल्याचा दाखला निघाला. जन्मतारीख १ जून १९५०. म्हणजे उद्या बरोबर पंचाहत्तर. आत्याने तो दाखला विजयी मुद्रेने सगळ्यांसमोर फिरवला. मग काकांनी त्याच ट्रंकेतून स्वतःचा दाखला काढला. जन्मतारीख १ जून १९५०. पाठोपाठ बाबांचा निघाला. १ जून १९५०.

झालं होतं असं, की १९५६च्या जूनमध्ये आजोबांना एकदाचा शिक्षणाचा झटका आला आणि त्यांनी गुरांमागची तिन्ही पोरं एकाच सकाळी शाळेत नेऊन उभी केली. काका नऊचे, आत्या आठची, बाबा सहाचे. गुरुजींनी त्या काळची शास्त्रीय चाचणी घेतली: उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. तिघांचाही हात पोचला. काकांचा तर खांद्यावर जाऊन टेकला असणार, पण गुरुजींनी तिकडे लक्ष दिलं नाही. कान हाताला लागला, म्हणजे सहा वर्षं पूर्ण. आणि शाळा जूनमध्ये भरते, म्हणजे तारीख एक, महिना जून. तेव्हापासून आमची आजी सरकारदरबारी एका वेतात तीन पोरं झालेली बाई आहे. महाराष्ट्रातल्या त्या पिढीत १ जूनवाले इतके आहेत, की वर्षाचे उरलेले ३६४ दिवस सुइणी काय करत होत्या असा प्रश्न पडावा. दरवर्षी ३१ मेला सरकारी कचेऱ्यांतून निवृत्तांच्या हारतुऱ्यांची जी रांग लागते, तिच्यामागे अशाच कुण्या गुरुजींचा आणि एका कानाचा हात असतो.

"म्हणजे खरा सहा वर्षांचा मी एकटाच होतो," बाबा म्हणाले. "आणि कागदावर चालायचंच असेल तर तिघांचीच पंचाहत्तरी एकदम उरका. आचारी एकदाच येईल."

यावर शांतता पसरली आणि त्या शांततेत काकांची नजर माझ्यावर पडली.

"अरे, हा बसलाय की! हा वयं काढायला शिकला होता ना कॉलेजात?"

"उंदरांची," मी म्हणालो.

"मग? काढ हिचं."

"त्यासाठी डोळा काढून वाळवावा लागतो, काका."

आत्याने परातीतलं लाटणं उचललं आणि मी माडीवर झोपायला गेलो. झोप काही आली नाही. तीस वर्षांपूर्वीचे उंदीर एकेक करून उशाशी येऊन बसले.

१९९५ साली प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करताना माझ्या वाट्याला प्रकल्प आला तो 'शेतातील उंदरांची वयोरचना'. माझ्या एका मित्राला फुलपाखरं मिळाली होती, दुसऱ्याला कोयनेच्या पाण्यातले मासे. मला उंदीर, आणि तेसुद्धा किती आहेत हे नव्हे, केवढे आहेत हे बघायचं होतं. आईने शेजारी सांगताना 'आमचा मुलगा शेतीवर संशोधन करतो' एवढंच सांगायचं ठरवलं. यष्टीच्या कंडक्टरने टपावर चढवलेल्या तीस पिंजऱ्यांकडे बघून विचारलं, "गणपतीचं वाहन, हाफ तिकीट का फुल्ल?"

ज्यांच्या शेतात काम करायचं ते अण्णा तर खदाखदा हसले. "आवं सायेब, वय इचारून मारायचं आसतंय व्हय?"

मी त्यांना समजावलं. नुसती संख्या कळून उपयोग नसतो. शंभर उंदरांत सत्तर म्हातारे असले तर शेतकऱ्याने हात बांधून बसावं, पुढचं निसर्गच उरकतो; मोकळ्या रानातल्या बहुतेक उंदरांना पहिला वाढदिवस बघायला मिळत नाही. पण शंभरात सत्तर पोरंटोरं असली तर ओढवलंच. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते आणि तिच्या लेकी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात स्वतः बाळंतपणाच्या तयारीला लागतात. म्हणून आधी वयाचा मनोरा काढायचा, मग औषध कधी घालायचं ते ठरवायचं.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, भुईमुगाच्या वावरावरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "औंदा बारकी लई हायेत. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं नाही. निरीक्षणाला पद्धत लागते.

पद्धत इंग्रजी पुस्तकातली होती. त्यात लिहिलं होतं, पिंजऱ्यात आमिष म्हणून शेंगदाण्याचं लोणी आणि ओट लावावेत. १९९५ साली आमच्या तालुक्याला शेंगदाण्याचं लोणी म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं आणि ओट हा शब्द गाईच्या ओटीच्या जवळचा वाटत होता. मी आईकडून शेंगदाण्याचं कूट आणि गूळ यांचे बारीक लाडू वळून आणले आणि तीस पिंजरे लावले. एकही उंदीर आला नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या दिवशी अण्णांनी अतिशय सौम्य शब्दांत लक्षात आणून दिलं, की मी भुईमुगाच्या शेतात उंदरांना शेंगदाणे दाखवत होतो.

"हलवायाच्या पोराला कुनी पेढं दिऊन फशीवतंय का?"

मग त्यांच्याच सल्ल्याने सुकट लावली. पहिल्याच रात्री नऊ पिंजरे भरले. तीनांत उंदीर होते, चारांत चिचुंद्र्या, एकात बेडूक आणि एकात अण्णांच्या शेजाऱ्याचं मांजराचं पिल्लू. चिचुंद्री दिसते उंदरासारखी, वागते उंदरासारखी, आणि घरात शिरली की आपण ओरडतोही 'उंदीर!' असंच, पण ती कुरतडणाऱ्यांच्या कुळातली नव्हेच, किडेखाऊ आहे. त्यामुळे रात्रभर जागून पकडलेल्या चार चिचुंद्र्या माझ्या वहीत शून्य धरल्या गेल्या. वास मात्र शून्य नव्हता. परतीच्या यष्टीत माझ्या बाकावर साताऱ्यापर्यंत कुणी बसलं नाही.

पकडलेल्या उंदराच्या पाठीवरचे चार केस कातरून, खूण करून, त्याला सोडून द्यायचं आणि पुन्हा पकडायचं. खुणेचे किती परत येतात त्यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधता येतो. पण हे गणित उंदराने उंदरासारखं वागावं अशी अपेक्षा धरून असतं. काही उंदीर एकदा अडकले की पिंजऱ्याचं नाव काढत नाहीत. काहींना चटक लागते. अकरा नंबरचा माझा एक नर ओळीने सहा रात्री आला. फुकट सुकट, वर निवारा आणि सकाळी सन्मानाने सुटका. सहाव्या दिवशी मी पिंजरा उघडला तेव्हा तो बाहेर यायला तयार नव्हता. आमच्याकडे असे पाहुणे येतात, त्यांनाही सोडवायला पिंजरा उलटा करून झटकावा लागतो.

आणि पोरं? पोरं पिंजऱ्यात येतच नव्हती. पिल्लं बिळात, आणि थोडी मोठी झालेली दांडग्या नरांना भिऊन मागे. लग्नाच्या पहिल्या पंगतीवरून गावाची वयोरचना काढायला गेलात तर तुम्हाला वाटेल या गावात सगळे पन्नाशीपुढचे फेटेवालेच राहतात. माझ्या पहिल्या महिन्याच्या तक्त्यात तेच झालं. सरांनी तक्ता पाहिला आणि विचारलं, "हा उंदरांचा आहे की आपल्या कर्मचारी पतपेढीचा?"

मग बिळं खणून सरसकट उंदीर गोळा केले आणि खऱ्या अर्थाने वय काढायची वेळ आली.

पहिली पद्धत वजनाची. कापडी पिशवीत उंदीर, पिशवी स्प्रिंगच्या काट्याला, काटा हातात, आणि पिशवीतल्या उंदराचे दात पिशवीबाहेरच्या बोटात. हलका तो लहान, जड तो मोठा, असं सोपं सूत्र. पण गाभण मादी एका आठवड्यात वयस्क होते आणि वेत होताच पुन्हा तरुण. भुईमूग निघायच्या दिवसांत सगळे उंदीर ज्येष्ठ नागरिक, उन्हाळ्यात तेच बालक. वजनावरून वय ठरवायचं तर माझा पुण्याचा चुलतभाऊ केव्हाच शंभरी पार करून गेला आहे. तरी पुस्तकं वजनाचे गट पाडतातच, कारण काटा स्वस्त असतो.

दुसरी पद्धत दातांची. इथे सामान्य माणूस पहिल्याच पायरीला घसरतो. उंदराचे पुढचे दात, ज्यांनी तो आपले सातबारे खातो, ते जन्मभर वाढत असतात; रोज झिजतात, रोज वाढतात. त्यांच्यावरून वय सांगता येत नाही, जसं रोज दाढी करणाऱ्याच्या दाढीवरून सांगता येत नाही. वय दडलेलं असतं मागच्या दाढांत. त्या एकदाच येतात आणि झिजत जातात. झिजेच्या पाच पायऱ्या असतात: टोकदार उंचवटे म्हणजे पहिली, सपाट मैदान म्हणजे पाचवी. एकशे चाळीस कवट्या मी, माझा फुलपाखरूवाला मित्र आणि आमचे सर, अशा तिघांनी स्वतंत्रपणे भिंगातून बघून पायऱ्या लिहिल्या. एकमत झालं ते अठ्ठावीस कवट्यांवर, आणि त्या अठ्ठावीस कवट्या आम्ही एकत्र जेवण झाल्यावर पाहिल्या होत्या. बाकी संशय आला की प्रत्येकाने तीन नंबर टाकला होता. सगळी प्रजा अचानक मध्यमवयीन झाली. शिवाय रेताड जमिनीतल्या, धान्याबरोबर माती चावणाऱ्या उंदरांच्या दाढा लवकर झिजतात, मळ्यातल्यांच्या उशिरा. गरिबाला म्हातारपण आधी येतं हे दाढांतही दिसतं.

तीन नंबरला ढीग होणं हा दोष उंदरांच्या अभ्यासकांनी माणसांकडून घेतला असावा. जनगणनेत आपल्याकडे वय विचारलं की माणसं चाळीस सांगतात, पंचेचाळीस सांगतात, पन्नास सांगतात; त्रेचाळीस सांगायला फार धैर्य लागतं. हा दोष मोजायला लोकसंख्याशास्त्रज्ञांकडे व्हिपल निर्देशांक नावाची गोष्ट आहे. २३ ते ६२ वयाची माणसं घ्यायची आणि किती जणांचं वय शून्यावर किंवा पाचावर संपतं ते पाहायचं. सगळे खरं बोलले तर निर्देशांक १०० येतो; सगळ्यांनीच शून्य-पाचाची कास धरली तर ५००. माझ्या माहितीच्या बायकांचा स्वतंत्र निर्देशांक काढायला हवा, कारण त्यांच्यातल्या निम्म्या एकोणचाळीसलाच थांबलेल्या आहेत. पुरुषांवर मी बोलत नाही. मी गेली चार वर्षं अठ्ठेचाळीसचा आहे.

तेव्हा सरांनी ब्रह्मास्त्र काढलं. डोळ्याचं भिंग.

१९५९ साली अमेरिकेत रेक्स लॉर्ड या संशोधकाने कॉटनटेल जातीच्या सशांवर दाखवून दिलं, की डोळ्यातलं भिंग जन्मभर वाढत राहतं. कातडी झडते, केस गळतात, पण भिंगाच्या जुन्या पेशी बाहेर पडायला वाटच नसते. नव्या थरावर थर चढत जातात. म्हणजे भिंग वाळवून त्याचं वजन केलं की वय कळतं. ससा उंदरांच्या गणात मोडत नाही, पण ही युक्ती उंदीर-घुशींपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. पोट भरलेलं असो की रिकामं, पावसाळा असो की दुष्काळ, भिंगाला खोटं बोलता येत नाही. अट एकच, की खरं सांगण्यापूर्वी मरावं लागतं. ही अट माणसांना लागू केली तरी वयाची नोंद अचूक येईल, पण जनगणना लवकर संपेल.

डोळे काढून फॉर्मॅलिनमध्ये काही आठवडे मुरवायचे, भिंगं सोडवायची, ओव्हनमध्ये ८० अंशांना सुकवायची आणि लगेच तोलायची. 'लगेच' या शब्दाला फार महत्त्व आहे. सुकलेलं भिंग हवेतलं पाणी शोषून घेतं. माझी भिंगं सुकली जुलैत. काट्यावर ठेवलेला उंदीर डोळ्यांदेखत मिनिटाला आठवडाभर म्हातारा होत होता. त्यात वीज जायची. वीज गेली की ओव्हन थंड, आली की गरम. काही उंदीर तीनदा तरुण होऊन पुन्हा वयात आले. कोपऱ्यातल्या त्याच ओव्हनमध्ये आमच्या प्रयोगशाळेतल्या कुणीतरी पावसात भिजलेले मोजे ठेवायचं. ते कोण, हे आजतागायत कळलेलं नाही, पण त्या आठवड्यातली वयं मी प्रबंधातून गाळली आहेत.

मिलिग्रॅमच्या दशांशापर्यंत तोलणारा तो काटा काचेच्या पेटीत असतो आणि त्याचं दार लावल्याशिवाय श्वाससुद्धा टाकायचा नसतो. मी दार लावलं नव्हतं. शिपाईमामांनी बाहेरून येऊन घाम पुसत पंखा लावला. मोहरीएवढं भिंग उडालं. पुढचा पाऊण तास दोन विद्यार्थी, एक शिपाई आणि एक विभागप्रमुख फरशीवर चारी पायांवर होते. तेवढ्यात बाहेरून आलेले परीक्षक दारात थबकले.

"काय हरवलंय?"

"उंदराचा डोळा, सर."

"डावा की उजवा?" त्यांनी शांतपणे विचारलं आणि तेही रांगायला लागले. असे परीक्षक आता मिळत नाहीत.

पण भिंगाचं वजन कळलं म्हणजे वय कळलं असं नव्हे. किती वजन म्हणजे किती वय, हे सांगणारा आलेख लागतो. आणि तो काढायला ज्यांची जन्मतारीख पक्की ठाऊक आहे असे उंदीर लागतात. म्हणून आम्ही विभागाच्या मागच्या खोलीत उंदीर पाळले आणि त्यांची जन्मनोंद ठेवली. जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर, तांबड्या शाईच्या रेघा. 'मादी क्र. ७. पिल्लं सहा. पहाटे ५.४०.' कुंडली मांडता आली असती इतकी चोख नोंद. ती ठेवायचे शिपाईमामा, रात्री जागून. एकदा मी सहज विचारलं, "मामा, तुमचा वाढदिवस कधी?"

"एक जून," मामा म्हणाले आणि मादी क्रमांक नऊच्या बाळंतपणाला गेले.

वर्षभराने आलेख तयार झाला. सुरुवातीला कड्यासारखा उभा चढ: कोवळ्या उंदराचं वय आठवड्यांत सांगता येतं. मग चढ मंदावतो, आणि वर्षाच्या आसपास सगळं पठार. म्हाताऱ्या उंदराबद्दल शास्त्र एवढंच म्हणतं, की 'असेल वर्षाचा, थोडा मागेपुढे'. आमच्या गुरुजींनीही एवढंच म्हटलं होतं. मागेपुढे होण्याची लाज मात्र वाटू नये. २०१६ साली ग्रीनलँडच्या शार्क माशांची वयं डोळ्यातल्या भिंगाच्या गाभ्यावरूनच काढली गेली. तिथे वजन नव्हे, किरणोत्सर्गी कार्बन मोजला होता. सर्वांत मोठी मादी ठरली ३९२ वर्षांची, आणि पुढे प्रामाणिकपणे लिहिलं होतं: अधिक-उणे १२०. आमची आत्या तर फक्त दोन मागत होती.

अखेर मनोरा कागदावर उतरला. खाली रुंद, वर निमुळता. निम्म्याहून जास्त प्रजा तीन महिन्यांच्या आतली. तो सुबक रंगवून, गुंडाळी करून, मी अण्णांना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा लावला, तक्ता उलटा धरला, मग सुलटा धरला.

"ही खालची रुंद पट्टी कशाची?"

"पिल्लं आणि कोवळे उंदीर. म्हणजे अण्णा, यंदा बारकी फार होती."

अण्णांनी चष्मा काढला. गेल्या साली सांगितलेलं त्यांनी काढून दाखवलं नाही. सभ्य माणूस. फक्त म्हणाले, "आन् मंग औषध कवा घालायचं?"

"पावसाच्या तोंडावर. तेव्हा एकूण उंदीर कमी असतात, विणीचा मोठा हंगाम सुरू व्हायचा असतो, शेतं मोकळी असल्यामुळे बिळं दिसतात, आणि खायला काही नसल्यामुळे आमिष घेतात."

"म्हंजी तारीख कंची धरू?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. पण अण्णांनी कॅलेंडरवर बोट ठेवलं होतं. एक जून.

पहाटे खालून आरडाओरडा ऐकू आला. मी माडीवरून धावत उतरलो. रात्री मी झोपायला गेल्यावर घरात तह झाला होता: आचाऱ्याचे पैसे काका देणार असल्याने वहिनीने त्यांच्या मताला मान देऊन सत्त्याहत्तर दिवे वळले होते आणि परातीत मांडून ओट्यावर ठेवले होते. आत्या रुसून न जेवता झोपली होती. आता ती परातीजवळ उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर पंचवीस वर्षांचं तेज होतं.

"मोजा," ती म्हणाली. "सगळ्यांनी मोजा."

आम्ही मोजले. पंचाहत्तर. परातीच्या कडेला दोन दिव्यांचा चुरा पडला होता आणि उरलेल्यांतल्या एका दिव्याच्या कडेवर दोन बारीक समांतर खाचा होत्या.

"देवालाच काळजी," आत्या म्हणाली. "आपलं वाहन पाठवलंन."

काकांनी तो कुरतडलेला दिवा उचलून माझ्या हातात दिला. हरलेल्या माणसाला कुठूनतरी शास्त्राचा आधार हवा असतो. "बघ रे. केवढा असेल हा उंदीर?"

मी दिवा उजेडात धरला. खाचा पुढच्या दातांच्या होत्या. पुढच्या दातांवरून वय कळत नाही, दाढा कणकेला लागल्या नव्हत्या, डोळा हाती नव्हता, आणि सगळं घर माझ्या तोंडाकडे बघत होतं.

"एक जून," मी म्हणालो.